लांबलचक इंग्रजी शब्दांना घाबरायचं कशाला? अक्षरांचे पुंजके ओळखा

इंग्रजीतला सगळ्यात लांब शब्द कोणता, असं विचारलं की बहुतेक वेळा एकच नाव पुढे येतं: न्यूमोनोअल्ट्रामायक्रोस्कोपिकसिलिकोव्होल्केनोकोनिओसिस. अक्षरं मोजली तर 45. मोठ्या इंग्रजी शब्दकोशांत याला जागा मिळाली आहे आणि अर्थही दिलेला आहे: ज्वालामुखीची अतिसूक्ष्म सिलिकायुक्त धूळ श्वासावाटे आत गेल्याने होणारा फुफ्फुसाचा विकार. शब्द मात्र कुठल्या डॉक्टरच्या गरजेतून जन्मलेला नाही. 1935 साली अमेरिकेतल्या कोडीबहाद्दरांच्या राष्ट्रीय संघटनेचे अध्यक्ष एव्हरेट स्मिथ यांनी तो निव्वळ लांबीसाठी जुळवला. खरोखरचा आजार लिहायची वेळ आली तर डॉक्टर ‘सिलिकोसिस’ लिहून मोकळे होतात.

मुद्दाम जुळवलेला असला तरी शब्द बनावट नाही. फोडून बघा. न्यूमोनो म्हणजे फुफ्फुस. अल्ट्रा म्हणजे पलीकडचं. मायक्रोस्कोपिक म्हणजे सूक्ष्मदर्शकाशिवाय न दिसणारं. सिलिको म्हणजे सिलिका, व्होल्केनो म्हणजे ज्वालामुखी, कोनि म्हणजे ग्रीक भाषेतली धूळ, आणि शेवटचं ओसिस म्हणजे विकार. सात तुकडे झाले. त्यातला धुळीचा तुकडा सोडला तर बाकीचे न्यूमोनियात, अल्ट्रासाउंडमध्ये, मायक्रोस्कोपमध्ये आपल्याला रोज भेटतात.

लांब इंग्रजी शब्दांचं बहुतेक वेळा असंच असतं. दोन-तीन किंवा चार छोटे शब्द एकमेकांना चिकटलेले असतात आणि मधली फट बुजवलेली असते. ‘किंकर्तव्यविमूढ’ वाचताना मराठी माणसाचं घोडं अडत नाही, कारण किम्, कर्तव्य आणि विमूढ हे तिन्ही तुकडे कानावरून गेलेले असतात. इंग्रजीत अडतं, कारण तिथले तुकडे बहुधा इंग्रजी नसतातच. ते ग्रीक किंवा लॅटिन असतात. युरोपातल्या शास्त्रज्ञांना नव्या गोष्टींना नावं द्यायची होती, तेव्हा त्यांनी या दोन जुन्या भाषांकडे धाव घेतली. आपण पारिभाषिक शब्दासाठी संस्कृतकडे जातो तशीच. त्यामुळे इंग्रज माणसालाही हे शब्द शिकावेच लागतात. त्याला ते आईच्या दुधाबरोबर मिळालेले नाहीत, हे लक्षात आलं तरी निम्मा धसका जातो.

असा शब्द समोर आला की शेपटीकडून वाचायला घ्यावा. लॉजी असेल तर एखाद्या विषयाचा अभ्यास. आयटिस असेल तर त्या अवयवाचा दाह, म्हणजे सूज, लाली, वेदना वगैरे: टॉन्सिलायटिस, ब्राँकायटिस, मेनिंजायटिस. मुळात ग्रीकमध्ये आयटिसचा अर्थ फक्त ‘अमक्याचा’ किंवा ‘अमक्यासंबंधीचा’ एवढाच होता. ‘आर्थ्रायटिस नोसोस’ म्हणजे सांध्यांचा रोग. पुढे रोग हा शब्द गळून पडला आणि सगळं दुखणं एकट्या शेपटीच्या माथी बसलं. ईमिया असेल तर रक्ताशी संबंध: ॲनिमिया, सेप्टिसीमिया, ल्युकेमिया. यातला ल्युको म्हणजे पांढरा. पांढऱ्या पेशींनी भरलेलं रक्त पाहून जर्मन वैद्यक-शास्त्रज्ञ रुडॉल्फ फिर्खो यांनी 1847 साली आजाराचं नावच ‘पांढरं रक्त’ ठेवलं. नाव भारदस्त वाटतं, पण आत एवढंच आहे.

सगळ्यात मजेशीर शेपटी एक्टमी. ॲपेंडेक्टमी, टॉन्सिलेक्टमी, मॅस्टेक्टमी. स्पेलिंगमध्ये तिच्या पोटात टी-ओ-एम ही तीन अक्षरं आहेत आणि ग्रीकमध्ये त्यांचा अर्थ कापणे. आधीचं ‘एक’ म्हणजे बाहेर. म्हणून एक्टमी म्हणजे कापून बाहेर काढणे. हीच तीन अक्षरं ॲनाटमीत आहेत, कारण शरीर कापून पाहिल्याशिवाय शरीररचना कळत नव्हती. डायकॉटमीत आहेत, म्हणजे दोन तुकडे करणं. आणि ती ॲटममध्येही आहेत. पुढचा ‘ए’ नकार दाखवतो, म्हणजे ॲटम हा न कापता येणारा. इसवी सनापूर्वीच्या पाचव्या शतकात ग्रीक तत्त्वज्ञ डेमॉक्रिटसने अविभाज्य कणांची कल्पना मांडली तेव्हाचं हे नाव. 1897 साली जे. जे. थॉमसन यांनी इलेक्ट्रॉन शोधला आणि न कापता येणाऱ्यालाही आतले भाग असतात हे उघड झालं, तरी नाव बदललं नाही. ॲपेंडिक्सची शस्त्रक्रिया आणि अणू, स्पेलिंगच्या हिशोबाने दोघेही एकाच घरातले.

इथे एक बारीक भेद सांगून ठेवतो, कारण दवाखान्याच्या कागदावर तो महत्त्वाचा ठरतो. नुसती ओटमी म्हणजे छेद घेणे. एक्टमी म्हणजे काढून टाकणे. आणि मध्ये एस घुसला, ओस्टमी झाली, तर छिद्र करून ते उघडं ठेवणे. ग्रीक स्टोमा म्हणजे तोंड. ट्रॅकिओटमीत श्वासनलिकेला छेद देतात, ट्रॅकिओस्टमीत तिथे वाट तयार करून ठेवतात. कोलेक्टमीत मोठं आतडं किंवा त्याचा भाग निघतो, कोलोस्टमीत त्याचं तोंड पोटावर उघडतं. फरक अवघ्या दोन-तीन अक्षरांचा, पण रुग्णाच्या दृष्टीने दोन वेगळी आयुष्यं.

तुकड्यांच्या मध्ये वारंवार दिसणारा ‘ओ’ हा नुसता सांधा आहे. त्याला स्वतःचा अर्थ नाही. गॅस्ट्र (जठर), एंटर (आतडं) आणि लॉजी यांना जोडून गॅस्ट्रोएंटेरोलॉजी होते. शेपटी स्वराने सुरू होत असेल तर हा ओ गळून पडतो, म्हणून गॅस्ट्रोआयटिस न होता गॅस्ट्रायटिस. कान-नाक-घसा विभागाच्या दारावरचं ओटोऱ्हायनोलॅरिंगॉलॉजी हे 19 अक्षरांचं प्रकरण याच पद्धतीने उलगडतं: ओटो कान, ऱ्हायनो नाक, लॅरिंग स्वरयंत्र. यातला ऱ्हायनो गेंड्यातही आहे. ऱ्हायनोसेरॉस म्हणजे नाकावर शिंग असलेला.

आता शब्दाच्या डोक्याकडे. इथे मराठी वाचकाला एक फायदा आहे आणि तो शाळेत कुणी सांगत नाही. 1786 साली कोलकात्यात ब्रिटिश न्यायाधीश आणि भाषाअभ्यासक विल्यम जोन्स यांनी संस्कृत, ग्रीक आणि लॅटिन या एकाच उगमातून आल्या असाव्यात असं जाहीर भाषणात मांडलं. त्या नात्याचा पुरावा या उपसर्गांत उघड्यावर पडलेला आहे. ग्रीक नकार ‘अ’, आणि पुढे स्वर आला की ‘अन्’. संस्कृतचा नियम हाच: अज्ञान, पण अनंत. म्हणून ॲटम, पण ॲनिमिया. एथिस्ट, पण ॲनार्की. ॲनॉनिमस हा शब्द तर अनामिकाचा सख्खा भाऊ आहे. त्यातला ऑनिम म्हणजे नाम.

ग्रीक ‘पेरि’ म्हणजे आपला परि, सभोवार. ‘डिस’ म्हणजे दुस्, वाईट किंवा कष्टाचं. डिस्प्निया म्हणजे श्वास घ्यायला होणारा त्रास, डिस्पेप्सिया म्हणजे बिघडलेलं पचन. ‘हायपर’ हा उपरि, वरचा. ‘हायपो’ हा उप, खालचा. या शेवटच्या जोडीचे उच्चार इतके जवळचे आहेत की घाईत बोलणाऱ्याचं कोणतं ते कळत नाही, आणि अर्थात मात्र जमीन-अस्मानाचा फरक. हायपरग्लायसीमिया: हायपर (वर), ग्लायक (गोड, म्हणजे साखर), ईमिया (रक्तात). रक्तातली साखर चढली. हायपोग्लायसीमिया: साखर उतरली. पहिल्यात साखर खाली आणण्याचे उपाय करायचे, दुसऱ्यात ताबडतोब साखर द्यायची. अहवालात इतर काही वाचता आलं नाही तरी ‘हायप’नंतर ई-आर आहे की ओ, एवढं नीट पाहावं.

शब्द ग्रीक आहे हे ओळखायचं कसं? स्पेलिंगच सांगतं. एफचा उच्चार पी-एच लिहून केलेला असेल, कचा उच्चार सी-एच लिहून केलेला असेल, किंवा आर-एच शेजारी बसलेले असतील, तर शब्द जवळजवळ नक्की ग्रीक वंशाचा. ग्रीक लिपीत फाय, काय आणि ऱ्हो अशी एकेकटी अक्षरं होती. रोमन लोकांच्या लिपीत त्यांच्या तोडीची अक्षरं नव्हती, म्हणून त्यांनी प्रत्येकाला एच जोडून वेळ मारून नेली. रोमन लोक गेले, पण ती सोय अजून विद्यार्थ्यांच्या बोकांडी बसलेली आहे.

मुका पीदेखील त्याच घरचा. सायकॉलॉजीच्या आधी पी-एस, न्यूमोनियाच्या आधी पी-एन, टेरोडॅक्टिलच्या (नामशेष झालेला उडता सरीसृप) आधी पी-टी. ग्रीक माणूस हे जोडाक्षर सहज उच्चारत असे, आपणही ‘प्स’, ‘प्न’ म्हणू शकतो, पण इंग्रजी जिभेला शब्दाच्या सुरुवातीला ते पेलत नाही. मग पी लिहायचा आणि गिळायचा. गंमत अशी की तोच पी शब्दाच्या मध्ये सरकला की पुन्हा बोलू लागतो. न्यूमोनियात गप्प बसणारा पी ॲप्नियात, म्हणजे झोपेत श्वास अडखळण्याच्या विकारात, स्वच्छ ऐकू येतो. टेरोडॅक्टिलमधला मुका पी हेलिकॉप्टरमध्ये ठणठणीत वाजतो. होय, हेलिकॉप्टरची फोड हेली अधिक कॉप्टर अशी नाहीच. ती हेलिको (मळसूत्र) अधिक प्टर (पंख) अशी आहे: मळसूत्री पंखांचं यंत्र. इंग्रजी बोलणाऱ्यांनी चुकीच्या जागी तोडलं, ‘हेली’ वेगळा काढला आणि त्याचे हेलिपॅड बांधले. विमानतळावरच्या पाट्या आता बदलणार नाहीत. भाषेत चूक रुळली की ती चूक राहत नाही.

एकदा पुंजके दिसायला लागले की विचित्र शेजारी सापडतात. हिप्पोपोटॅमस आणि मेसोपोटेमिया हे दोन शब्द एकाखाली एक लिहा. दोघांतही पी-ओ-टी-ए-एम ही पाच अक्षरं त्याच क्रमाने आहेत, कारण ग्रीक पोटॅमोस म्हणजे नदी. मेसो म्हणजे मध्य. टायग्रिस आणि युफ्रेटिस या नद्यांच्या मधला प्रदेश तो मेसोपोटेमिया. हिप्पो म्हणजे घोडा, म्हणून पाणघोडा हा नदीतला घोडा. हाच घोडा फिलिप या नावात दडून बसलाय: फिल म्हणजे प्रेम, फिलिप म्हणजे घोड्यांवर जीव असलेला. आणि भाषाशास्त्रज्ञांच्या मते ग्रीक हिप्पोस आणि संस्कृत अश्व हे एकाच मुळातून निघालेले आहेत, जरी आज दोघांच्या तोंडावळ्यात काडीचंही साम्य उरलेलं नाही.

मात्र सारखी अक्षरं दिसली म्हणजे नातं जुळलंच, असं समजून चालत नाही. पी-ई-डी ही तीन अक्षरं घ्या. पेडल, पेडेस्ट्रियन, सेंटिपीड यांत ती लॅटिन पायाची आहेत. पद हा शब्द त्यांचाच नातलग. पण पीडियाट्रिशियनचा पायाशी काही संबंध नाही. तिथे ग्रीक ‘पाइद’ म्हणजे मूल आहे. पेडगॉगीत, म्हणजे अध्यापनशास्त्रात, मूल आहे, एन्सायक्लोपीडियात मुलाला द्यायचं शिक्षण आहे. ब्रिटिश स्पेलिंगमध्ये मुलाच्या बहुतेक शब्दांत ए-ई अशी जोडी लिहितात, त्यामुळे पाय आणि मूल वेगळे राहतात. अमेरिकन स्पेलिंगने ए काढून टाकला आणि दोघांचा चेहरा एक करून ठेवला. माझं मत विचाराल तर इथे अमेरिकन सुटसुटीतपणा महागात पडला.

ऑर्थोपीडिक हा शब्द तर भल्याभल्यांना फसवतो. हाडांचे डॉक्टर, पायाला प्लास्टर, त्यामुळे पेड म्हणजे पायच असणार असं वाटतं. पण फ्रेंच वैद्य निकोला आंद्री यांनी 1741 साली हा शब्द बनवला तो ऑर्थो (सरळ) आणि पाइद (मूल) जोडून. मुलांच्या शरीरातलं वाकडेपण सरळ करण्याची विद्या, हा त्याचा मूळ अर्थ. आज खुब्याचा सांधा बदलून घेणारे आजोबाही नावापुरते मुलांच्याच विभागात दाखल होतात.

अँटि आणि अँटी यांचंही असंच. शेवटी आय असेल तर विरुद्ध, ई असेल तर आधीचं. अँटिबायोटिक जिवाणूंच्या विरुद्ध, पण अँटीनेटल क्लिनिक जन्माच्या विरुद्ध नसतं. ते जन्माआधीच्या तपासणीचं. अपवाद आहेच: ॲन्टिसिपेटमध्ये आय लिहितात आणि अर्थ मात्र आधीचा. होमोचे दोन चुलते. होमो सेपियन्समधला लॅटिन, म्हणजे माणूस. होमोजीनियसमधला ग्रीक, म्हणजे सम, आणि तो आपल्या ‘सम’चाच भाऊ. इन्फ्लेमेबलमधला ‘इन’ नकाराचा समजलात तर पंचाईत. तो आग आत शिरण्याचा आहे. पेट घेणाऱ्या मालावर हा शब्द वाचून कुणी ‘न पेटणारं’ असं समजू नये म्हणून हल्ली इशाऱ्याच्या पाट्यांवर नुसतं फ्लेमेबल लिहिणं पसंत करतात.

काही वेळा तर दोन शब्दांत सगळीच्या सगळी अक्षरं सारखी असतात आणि तरी नातं शून्य. सिनेमॅटोग्राफर आणि मेगाकिरॉप्टेरन. दोन्हींत 15 अक्षरं, तीच 15, फक्त क्रम वेगळा. पहिल्याचा अर्थ गती टिपणारा, म्हणजे छायालेखक. दुसऱ्याचा अर्थ बघा: मेगा मोठा, किर हात, प्टेर पंख. मोठे हात हेच ज्याचे पंख तो, म्हणजे फळं खाणारं मोठं वटवाघूळ. नावात त्याची शरीररचनाच उतरली आहे, कारण वटवाघळाचा पंख खरोखर लांबलेल्या बोटांवर ताणलेलं कातडं असतो. हा किर म्हणजे हात झिजत झिजत सर्जरी या शब्दात जाऊन पोचलाय. सर्जरी म्हणजे मुळात हातकाम.

उलट टोकाची गंमत म्हणजे एकही अक्षर पुन्हा न येणारा लांब शब्द. असं 15 अक्षरांचं उदाहरण डर्मॅटोग्लिफिक्स. डर्मा म्हणजे त्वचा; हायपोडर्मिक सुई तिच्याच खाली जाते. ग्लिफ म्हणजे कोरीव खूण. हायरोग्लिफमध्ये, म्हणजे प्राचीन इजिप्तच्या चित्रलिपीच्या नावात, तीच आहे. त्वचेवरच्या कोरीव खुणांचा, म्हणजे बोटांच्या आणि तळव्याच्या ठशांचा अभ्यास. 1926 सालचा हा शब्द आहे.

हौसेच्या दोन शब्दांना टाळता येत नाही म्हणून थोडक्यात. अँटिडिसएस्टॅब्लिशमेंटेरियनिझम, 28 अक्षरं. चर्चला सरकारी मान्यता असणं ही एस्टॅब्लिशमेंट. ती काढून घेणं डिसएस्टॅब्लिशमेंट, जी आयर्लंडमध्ये 1871 पासून आणि वेल्समध्ये 1920 मध्ये अमलात आली. आणि असं करायला विरोध करणारी विचारसरणी म्हणजे हे अख्खं लचांड. आज हा शब्द फक्त ‘बघा किती लांब’ म्हणायला वापरतात. दुसरा फ्लॉक्सिनॉसिनिहिलिपिलिफिकेशन, 29 अक्षरं. लॅटिन व्याकरणात ‘कवडीमोल’ अशा अर्थाच्या शब्दांची एक यादी पाठ करावी लागे: लोकरीचा पुंजका, क्षुल्लक वस्तू, काही नाही, एक केस. कुणीतरी ती यादीच एकापुढे एक जोडून ‘कशाला तरी कवडीमोल ठरवणं’ असा शब्द केला. त्यात आय नऊदा येतो आणि इंग्रजीत सर्वांत जास्त वापरलं जाणारं अक्षर ई एकदाही नाही.

लांब शब्दांच्या भीतीलाही 36 अक्षरांचं नाव आहे: हिप्पोपोटोमॉन्स्ट्रोसेस्क्विपेडालिओफोबिया. यातला पाणघोडा आणि राक्षस निव्वळ चेष्टेने चिकटवलेले आहेत. खरा गाभा सेस्क्विपेडाल: सेस्क्वि म्हणजे दीड, पेड म्हणजे पाय, आणि इथे तो खरोखर पायच. रोमन कवी होरेसने फुगीर शब्दांना ‘दीड-दीड फुटी शब्द’ म्हणून हिणवलं होतं, त्याचा हा वारसा.

आता एक शब्द शेवटपर्यंत फोडू. पॅन्क्रिॲटिकोड्युओडेनेक्टमी, 23 अक्षरं, एका मोठ्या शस्त्रक्रियेचं नाव. शेपटीकडून सुरुवात: एक्टमी, कापून बाहेर. त्याआधी ड्युओडेन. लॅटिनमध्ये दोन अधिक दहा, म्हणजे बारा. जठराला लागून असलेल्या लहान आतड्याच्या पहिल्या भागाची लांबी साधारण बारा बोटांच्या रुंदीएवढी, म्हणून त्याला ड्युओडेनम म्हणतात. इसवी सनापूर्वी 300 च्या सुमारास अलेक्झांड्रियातल्या हेरोफिलस या वैद्याने त्याला ग्रीकमध्ये ‘बारा बोटी’ म्हटलं होतं. त्याच्या शब्दातलं बोट म्हणजे डॅक्टिल, टेरोडॅक्टिलमधलंच. राहिला पहिला तुकडा. पॅन म्हणजे सगळं, क्रिआस म्हणजे मांस. ज्यात हाड नाही, कूर्चा नाही, सगळं मांसच, तो अवयव पॅन्क्रिआस, म्हणजे स्वादुपिंड. हे क्रिआस संस्कृतातल्या ‘क्रव्य’ या शब्दाचं भावंड. मांस खाणाऱ्याला क्रव्याद म्हणतात ते त्यावरूनच. या शस्त्रक्रियेत स्वादुपिंडाचा डोक्याकडचा भाग आणि ती बारा बोटं एकत्रच काढावी लागतात, कारण दोघांना रक्त पुरवणाऱ्या वाहिन्या सामायिक असतात.